माझं मत कापणारे दिनूभाऊ

सप्टेंबरातल्या त्या सकाळी चहाचा कप घेऊन मी खिडकीशी आले आणि माझं टाळकंच सटकलं. ऑक्टोबरात नगरपालिकेची निवडणूक होती. आमच्या वॉर्डातून उभ्या राहिलेल्या बाईची प्रचाराची निळी पाटी मी आदल्याच दिवशी लॉनवर अगदी पुढे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी रोवली होती. ती जागेवर नव्हती. कुणीतरी उपटून घराच्या कडेला, झुडपामागे नेऊन नीट उभी केली होती. तिथून ती फक्त खारींना वाचता आली असती. आता ‘कुणीतरी’ कशाला म्हणायचं? गावात एवढा रिकामा वेळ असलेला आणि माझ्याशी एवढ्या निष्ठेनं वैर करणारा माणूस एकच होता, समोरच्या घरातला. मी तशीच सपाता घालून रस्ता ओलांडला, बेल दाबली आणि दार उघडायच्या आत सुरू झाले, “दिनूभाऊ, या वयात चोऱ्या करायला लाज नाही वाटत...” दार सुमनवहिनींनी उघडलं. त्यांच्या हातात दिनूभाऊंचा चष्मा होता. “शैला, आज नको गं भांडू,” त्या म्हणाल्या. “हे गेले.”

वहिनींनी उभा जन्म नर्सिंग केलेलं. ॲम्ब्युलन्स बोलावली होती, ती यायची होती, पण त्यांना कळायचं ते कळलं होतं. दिनूभाऊ खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत बसले होते. चहा अर्धा प्यायलेला. खिडकीतून थेट माझं लॉन दिसत होतं, आणि शपथेवर सांगते, चेहऱ्यावर चोरी पचल्याचं समाधान होतं. मला आधी रडू आलं, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “काल संध्याकाळी फिरून आले ते हसतच आले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, उद्या सकाळी शैला येईल, चहा जास्त टाक.” पातेल्यात खरंच जास्तीचा चहा होता. आम्ही दोघींनी तो नंतर घेतला. गार झाला होता.

तुम्हा वाचकांना दिनकर टिळेकर हे नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. कॅनडातल्या केंब्रिजच्या जवळच्या एका लहान शहरात आम्ही राहतो. दिनूभाऊ मूळचे नागपूरचे. एकोणीसशे सदुसष्टनंतर कॅनडानं आपल्या लोकांना दार उघडलं, त्या पहिल्या काही वर्षांत आलेले इंजिनियर. केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झाले. इतकी वर्षं इथे काढून त्यांच्या मराठीतलं नागपूर तसूभर हललं नव्हतं. “काय करून राहिली शैला?” अशी रस्त्याच्या पलीकडून हाक यायची, आणि माझ्यातली पुणेकरीण आतल्या आत व्याकरण दुरुस्त करायची. मी खूप नंतर आलेली, फार्मसिस्ट, स्वतःचं दुकान चालवलेली. त्यामुळे ते लाल आणि मी निळी. पक्षांची नावं इथे नकोत, रंग सांगितले की कॅनडातल्या कुणालाही कळतं, आणि इथला लाल म्हणजे कम्युनिस्ट नव्हे. “ज्यांनी मले घरात घेतलं त्यांचं मीठ खाल्लंय मी,” असं त्यांचं म्हणणं. “आणि त्या मिठावरचा टॅक्स मी भरते,” असं माझं. आमचे हे, म्हणजे सुधीर, कधी कॅनेडियन नागरिक झालेच नाहीत. भारताचा पासपोर्ट सोडवत नाही म्हणतात. म्हणजे आमच्या घरात मत एकच, माझं.

आणि ते मत दिनूभाऊ कापायचे. त्याची गंमत अशी, की आम्ही समोरासमोर राहायला आलो त्या पहिल्याच निवडणुकीला मी लाल उमेदवाराविरुद्ध मत द्यायला निघाले, तर दिनूभाऊ गाडीशेजारी उभे. गुडघे तेव्हापासूनच कुरकुरत होते त्यांचे. “मलेही सोड शाळेपर्यंत,” म्हणाले. मी म्हटलं, “म्हणजे माझ्याच गाडीत बसून, माझंच पेट्रोल जाळून, माझंच मत कापणार?” तर म्हणाले, “मग काय बस पकडू?” तेव्हापासून प्रथाच पडली. नगरपालिका असो, प्रांत असो, देश असो, मी गाडी चालवणार, ते शेजारी बसणार, वहिनी मागे. शाळेच्या जिममध्ये जाऊन मी निळा कागद टाकणार, ते लाल टाकणार, झाली वजाबाकी, आणि मग त्यांच्याकडे जाऊन साबुदाणा वडे. सुधीर दर वेळी म्हणायचे, “अरे, दोघंही घरी बसलात तर निकाल तोच लागेल की!” हे ऐकलं की आम्ही दोघं एकदम त्यांच्यावर तुटून पडायचो. घरी कसं बसायचं? ते गेले आणि मी नाही गेले तर? मागच्या सीटवरच्या वहिनी मात्र कुणाला मत देतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दिनूभाऊ छातीठोकपणे सांगायचे, “आमच्या घरची दोन मतं लाल.” वहिनी खिडकीबाहेर बघत बसायच्या.

आमच्या रस्त्याचं नाव हॅझेल क्रेसेंट. चंद्रकोरीसारखा वळलेला रस्ता, मोठ्या रस्त्यावरून आत शिरतो आणि वळून पुन्हा त्याच रस्त्याला लागतो. आमच्या बाजूला घरं, त्यांच्या बाजूला घरं आणि टोकाला भाड्याची टाउनहाउस. मराठी, पंजाबी, पोर्तुगीज, सगळे मिसळून. पण या क्रेसेंटला एकत्र बांधलं ते वहिनींच्या ताटांनी. त्यांच्या लग्नात माहेरून स्टीलची ताटं मिळाली होती, काठावर नाव कोरलेली: ‘सौ. सुमन दि. टिळेकर, नागपूर’. दिवाळी आली की त्या ताटांत फराळ घालून घरोघर पाठवायच्या. पहिल्या वर्षी समोरच्या कोपऱ्यावरच्या मारियानं, बिचारी पोर्तुगीज बाई, ताट घासून पुसून चकचकीत करून परत आणलं. वहिनींनी ते घेतलं नाही. दारातच सांगितलं, “मारिया, रिकामं ताट परत करायचं नाही. आमच्याकडे तशी रीत नाही.” मारिया घाबरून घरी गेली आणि त्यात अंड्याच्या कस्टर्डची बिस्किटासारखी तार्त घालून घेऊन आली. मग वहिनींनी त्या ताटात शंकरपाळे घालून पाठवलं... आणि ते ताट मग थांबलंच नाही. टाउनहाउसमधल्या बलबीरजींनी पिन्नी, म्हणजे त्यांच्याकडचे कणकेचे लाडू, पाठवली, त्यांच्या शेजारच्यांनी आणखी काही. कधी कधी वहिनींचं ताट चार घरं फिरून वर्षानं घरी यायचं, भलतंच काहीतरी पोटात घेऊन.

दोन हजार सोळा साली शहराने वॉर्डांच्या सीमा नव्यानं आखायला काढल्या. लोकवस्ती वाढली की हे करावंच लागतं, त्यात काही वावगं नाही. बाहेरून तज्ज्ञ बोलावले होते, त्यांनी नकाशा चांगला काढला होता, ओढ्याच्या काठाने सीमा नेली होती. पण शेवटच्या बैठकीत कौन्सिलनं तो बाजूला ठेवला आणि दुसराच मंजूर केला. त्यात सीमा ओढ्यावरून उचलून थेट हॅझेल क्रेसेंटच्या मधोमध आणली होती, रस्त्यावरच्या पिवळ्या पट्ट्यावरून. माझं घर एका वॉर्डात, दिनूभाऊंचं दुसऱ्यात. त्यांची बाजू आणि टाउनहाउस नदीपलीकडच्या वॉर्डाला जोडलेली, आमची बाजू दुसऱ्या टोकाला. कारण काय, तर टाउनहाउसमधली नवी मंडळी आमच्या तेव्हाच्या नगरसेवकाला मत देत नव्हती. त्यांना शेजारच्या वॉर्डात ढकललं की याची खुर्ची पक्की. आणि हा नगरसेवक कुठल्या रंगाचा? निळ्या. माझा. ज्याच्यासाठी मी बर्फात दारं ठोठावली होती, तो. मतपत्रिकेवर नगरसेवकाचा पक्ष लिहीत नाहीत इथे, पण कोण कुठल्या रंगाचा ते गावाला माहीत असतं.

यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. दिनूभाऊंनी मला त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि समजावलं. “हे बघ शैला, एक वॉर्ड असला की नगरसेवकाले आपल्या दारी यावं लागते. शाळेसमोरचं क्रॉसिंग आपण कसं मिळवलं? सगळा क्रेसेंट एकदम ओरडला म्हणून. आता अर्धे इकडे अन् अर्धे तिकडे केले तर आपण दोन्हीकडे शेपूट. शेपटीचं कोण ऐकते?” मग थोडं थांबून म्हणाले, “अन् मी मत द्यायले नदीपलीकडच्या चर्चच्या बेसमेंटात जाईन, तू शाळेत. मग तुझं मत कोण कापेल?” म्हणताना हसत होते, पण नकाशावरच्या त्या रेघेवरून बोट काही उचलत नव्हते. तेव्हा मला कळलं की हा माणूस विनोद करत नाहीये. मी म्हटलं, “भांडायचं?” ते म्हणाले, “भांडू ना!” आणि त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एका बाजूला आलो.

प्रांताच्या अपील मंडळापुढे कुठल्याही नागरिकाला असल्या सीमेविरुद्ध दाद मागता येते. वकील हवाच असंही नाही. दिनूभाऊंनी अर्ज केला, मी सहअर्जदार. त्यांची मुलगी मीरा कनाटाला टेलिकॉम कंपनीत आहे, तिचा फोन आला. “बाबा, आर यू सीरियसली टेकिंग द सिटी टू कोर्ट?” ती विचारत होती, आणि दिनूभाऊ स्पीकरवर अभिमानानं सांगत होते, “एकटा नाही, शैलाआत्या आहे ना सोबत.” मग मीरा म्हणाली, “ओह गॉड. देन द सिटी हॅज नो चान्स.”

माझ्या निळ्या मंडळींनी मला फोन करणं बंद केलं. तो नगरसेवक ग्रोसरीत दिसला की दुधाच्या फ्रीजमागे लपायचा. पण दिनूभाऊंची परीक्षा माझ्याहून मोठी होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत झाली. त्यांच्या लाल पक्षातला एक मोठा कार्यकर्ता लॅपटॉप घेऊन घरी आला. म्हणाला, अपीलच करताय तर आमचा नकाशा पुढे करा. त्यात हॅझेल क्रेसेंट अखंड होता, अगदी आमच्या मनासारखा, पण मागचे दोन रस्ते, जिथे निळी मतं पडतात, तेवढे सुबक कात्रीने कापल्यासारखे बाहेर काढले होते. हा नकाशा मंजूर झाला असता तर आमचा वॉर्ड कायमचा लाल झाला असता. इतकी वर्षं ज्या विजयासाठी दिनूभाऊंनी माझ्याशी भांडण केलं, तो विजय टेबलावर मांडून ठेवलेला. मी स्वयंपाकघरात वहिनींबरोबर होते, सगळं ऐकू येत होतं. दिनूभाऊंनी बराच वेळ नकाशा पाहिला. मग त्या माणसाला इंग्रजीत अगदी गोड शब्दांत सांगितलं की या नकाशात आणि निळ्यांच्या नकाशात काय फरक आहे ते मला समजत नाही. तो गेल्यावर मात्र आत येऊन कडाडले, “शैलाले हरवायसाठी मले नकाशा लागते काय? काय समजून राहिले हे लोक मले!” वहिनी पोळी लाटता लाटता एवढंच म्हणाल्या, “हळू बोला, ती इथेच बसलीये.” मी तर त्या दिवशी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. तोंडावर नाही केला, नाहीतर शेफारले असते. लाल मंडळींनीही मग दिनूभाऊंना वाळीत टाकलं. दोघंही आपापल्या घरातून हाकललेले, त्यामुळे संध्याकाळचं फिरणं फार मजेचं झालं.

आता सिद्ध काय करायचं होतं, तर क्रेसेंट ही एक वस्ती आहे, ती तोडू नये. शहराचा वकील आकडेवारी आणणार होता. दिनूभाऊंनी दुसराच नकाशा काढला, ताटांचा. कुठल्या घरातून ताट कुठल्या घरात जातं, तिथून पुढे कुठे, याच्या रेघा त्यांनी कारखान्यातल्या सवयीनं पट्टी लावून आखल्या. मधल्या पिवळ्या पट्ट्यावर रेघांचं जाळं झालं. पुरावा म्हणून त्यांनी क्रेसेंटवरच्या सगळ्यांना ईमेल केली: ज्याच्याकडे आमचं ताट आहे त्यानं सुनावणीला ते घेऊन यावं. एवढंच लिहिलं. पुढचं काही लिहावं लागेल असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. आणि इथेच घोटाळा झाला. वहिनींनी या माणसांना इतकी वर्षं काय पढवलं होतं? रिकामं ताट आणायचं नाही. मग आणेल कोण?

सुनावणी कौन्सिलच्या सभागृहात होती. आम्ही दोघं पुढे बसलो होतो, दिनूभाऊ लग्नातला सूट घालून, मी साडीवर ब्लेझर, वहिनी मागच्या रांगेत. दार उघडलं आणि मारिया आत आली. हातात ताट, ताटात तार्त, वर फॉइल. मागे बलबीरजी पिन्नी घेऊन, वहिनींना “भाभीजी, गरम है अभी” म्हणत. मग टाउनहाउसवाल्या मुली ढोकळा घेऊन, मग टोकाचे म्हातारे गृहस्थ चीजचे तुकडे आणि द्राक्षं घेऊन. एकामागून एक सगळा क्रेसेंट, हातात भरलेली ताटं. दिनूभाऊंचा चेहरा पांढराफटक. “बाप्पा रे,” माझ्या कानात म्हणाले, “हे तर पंगतीले येऊन राहिले!” शहराचा वकील, उंच, सभ्य माणूस, ताडकन उभा राहिला. म्हणाला, सभागृहात खाद्यपदार्थांना माझी हरकत आहे. मंडळाच्या सदस्य म्हणून बसलेल्या बाई, आखूड पांढऱ्या केसांच्या, चष्म्यावरून बघत होत्या. त्यांनी दिनूभाऊंना विचारलं, “मिस्टर टिळेकर, हे काय आहे?” दिनूभाऊ उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, “मॅडम, मी यांना फक्त ताट आणायला सांगितलं होतं. रिकामं ताट कसं आणतात, हे यांना ठाऊकच नाही.” आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. नकाशा भिंतीवर दाखवून एकेक रेघ. “मॅडम, ही रेघ चकली आहे. ही पिन्नी. ही मारियाची तार्त, ती इथून तिथे जाते आणि तिथून ढोकळा होऊन परत येते. तुमची सीमा या सगळ्यांच्या मधून जाते.” बाईंनी मारियाला विचारलं की हे ताट कुणाचं? मारिया म्हणाली, माझंच, बघा नाव आहे काठावर. आणि तिला वाचता न येणाऱ्या देवनागरीत कोरलेलं ‘सौ. सुमन’ तिनं बोटानं दाखवलं. त्या ताटाच्या बुडाला चिकटवलेलं लेबल मी अजून विसरले नाही: एक्झिबिट सात, म्हणजे पुरावा क्रमांक सात.

वकील मात्र लेचापेचा नव्हता. तो भिंतीजवळ गेला, नकाशा नीट पाहिला आणि म्हणाला, “मिस्टर टिळेकर, सगळ्यात जास्त रेघा तुमच्या घरापासून निघतात. पण समोरच्या घराला, तुमच्या सहअर्जदार बाईंच्या घराला, एकही रेघ नाही. आणि प्रस्तावित सीमा नेमकी या दोन घरांमधूनच जाते. मग ती कुठलं नातं तोडते?” दिनूभाऊंनी नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. मला परवानगी वगैरे घ्यायची असते हे आठवलंच नाही. म्हटलं, “रेघ नाही कारण त्यांच्याकडून माझ्याकडे ताट कधी आलेलंच नाही. ताट परक्याला पाठवतात. आम्ही जाऊन त्यांच्या टेबलाशी बसतो आणि तिथेच खातो.” आवाज चढलाच माझा, काय करणार? “आणि हा माणूस दर निवडणुकीला माझ्या गाडीत बसून माझं मत कापायला येतो. मी त्याचं कापते. तुम्ही ही सीमा आखलीत तर या वयात मी नवा शत्रू कुठून आणू?” बाईंनी चष्मा काढला. आधी ओठ घट्ट मिटले, मग खांदे हलले, आणि मग त्या चक्क हसल्या. जेवणाच्या सुट्टीत वकीलसाहेब कोपऱ्यात उभं राहून पिन्नी खाताना मी स्वतः पाहिले. दुसरीसुद्धा घेतली.

निकाल हिवाळ्यात आला. दिनूभाऊ ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होते, मी खिडकीतून कागद फडकावला आणि ते फावडं टाकून तसेच रस्ता ओलांडून आले, घसरता घसरता वाचले. सीमा पुन्हा ओढ्यावर गेली होती, तज्ज्ञांनी आखली होती तिथे. ना निळ्यांचा नकाशा, ना लालांचा. क्रेसेंट अखंड. त्या दिवशी सगळी मंडळी टिळेकरांच्या बेसमेंटमध्ये जमली आणि बलबीरजींनी भांगडा करून वहिनींचा दिवा फोडला. ताटांचे फोटो मंडळानं ठेवून घेतले होते, पण एक ताट, ते सातवं, तिथेच राहिलं होतं. पुढे काही महिन्यांनी जाड पाकिटातून पोस्टानं आलं. वहिनींनी पाकीट उघडलं, आत हात घालून पाहिलं, उलटं करून झटकलं. “रिकामंच पाठवलंय,” म्हणाल्या. मग सुस्कारा टाकून, “सरकारच ते, त्याला कोण शिकवणार!”

तो नगरसेवक पुन्हा उभाच राहिला नाही. नव्या नकाशावरची, दिनूभाऊंनी भांडून मिळवलेल्या वॉर्डातली पहिली निवडणूक या ऑक्टोबरात होती. उन्हाळाभर ते तिचीच वाट बघत होते. “यंदा तुले असं हरवतो ना शैला,” रोज ऐकवायचे, “सरळ मैदानात, काही रडायले जागा नाही.” आणि पाटी पळवून, चहा जास्त टाकायला सांगून, मैदानात यायच्या आधीच निघून गेले... इतकी वर्षं त्यांना मी चिडके म्हणत आले, पण असा डाव अर्ध्यावर सोडणारे ते नव्हते. झुडपामागची पाटी मी हलवली नाही. सुधीर म्हणाले, पुढे आणून लाव की. मी म्हटलं, राहू दे, ज्यानं ठेवलीये त्याला विचारल्याशिवाय नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी पाऊस भुरभुरत होता. मी गाडीत बसले, किल्ली लावली, आणि शेजारच्या सीटकडे पाहून हातच पुढे जाईना. ती सीट त्यांच्या गुडघ्यांसाठी पार मागे सरकवलेली होती, तशीच. मला जन्मात पहिल्यांदा असं मत द्यायचं होतं जे कुणी कापणार नव्हतं. माझा उमेदवार, माझा वॉर्ड, सगळं मोकळं रान. आणि मला ते नको होतं हो. असल्या मताला काय अर्थ? वाटलं, सुधीर म्हणायचे तसं घरीच बसावं, हिशेब तोच राहील. मी किल्ली काढायला हात घातला तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि सुमनवहिनी आत बसल्या. मागे नाही, पुढे. मांडीवर ताट, ताटावर रुमाल. “शिरा आहे,” म्हणाल्या, “मत दिल्यावर खायचा, आधी नाही. चल.” त्यांनी सीट पुढे ओढली, पट्टा लावला आणि समोर बघत अगदी हवामानाबद्दल सांगावं तसं सांगितलं, “शैला, तुला म्हणून सांगते. आजवर माझं मत तुझ्या बाजूलाच पडायचं.”

“काय?” मी किंचाळलेच. “निळं? दर वेळी?”

“दर वेळी. ह्यांची भाषणं रोज घरात ऐकायची मी. तुझं एक दिवस ऐकायचं असायचं.”

“वहिनी! आणि ते तर छातीठोक सांगायचे की आमच्या घरची दोन्ही...”

“सांगू दे की. खूश असायचे. मी कुठे नाही म्हटलं?” मग रुमालाचं टोक नीट करत म्हणाल्या, “पण आज लाल देणार आहे.”

“अहो, पण का? इतकी वर्षं नाही दिलं ते...”

“अगं, का काय?” त्या माझ्यावरच रागावल्या. “ते नाहीत म्हणून तुला मोकळं सोडू? कुणीतरी तुझं कापायला नको का?”

आम्ही दोघी गाडीत बसून इतक्या हसलो, इतक्या हसलो, की सुधीर दारात येऊन बघायला लागले. आणि मग रडलोही, ते सांगायला कशाला हवं. शाळेच्या जिममध्ये मी निळा कागद टाकला, वहिनींनी लाल टाकला, झाली वजाबाकी. निकालाचं मी इथे सांगत नाही. हरलेल्या बाजूचे लोक हा लेख वाचतील आणि उगाच तोंड वाकडं करतील. शिरा आम्ही पार्किंग लॉटमध्येच खाल्ला, गाडीत बसून, बोटांनी. उतरताना वहिनींनी ताट माझ्या हातात दिलं, “घासून ठेव,” म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडून घरी गेल्या.

आज दिवाळी तोंडावर आली आहे. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरी पहिल्या वर्षी फराळ करत नाहीत, शेजाऱ्यांनी नेऊन द्यायचा असतो. मारियाला हे मी फोनवर समजावलं, ती म्हणाली, मला माहीत आहे, सुमननंच मागे कधीतरी सांगितलं होतं, माझ्या तार्त तयार आहेत. माझ्या ओट्यावर ते ताट आहे. बुडाला एक्झिबिट सातचं लेबल, कितीही घासलं तरी निघत नाही, आणि मी फार घासलंही नाही. मी चकल्या केल्या आहेत. थोड्या मोडल्यात. दिनूभाऊंनी नावं ठेवली असती, आणि जाताना चार खिशात घातल्या असत्या. भिंतीवर टांगायला वहिनींनी मला तो ताटांचा नकाशा दिलाय. त्यात आमच्या दोन घरांच्या मध्ये अजून कोरी जागा आहे. आता ताट भरते, रुमाल झाकते आणि सपाता घालून रस्ता ओलांडते. पट्टी लावून रेघ ओढायला ते नाहीत, मी हातानंच ओढेन. वाकडी आली तर येऊ दे.